मेंदूच्या देठातले पेडणे आणि डिचोली

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने मेंदूवर लेख लिहावा, हे आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनाही जरा विचित्रच वाटले. "पतपेढ्या, जीएसटी, असे काहीतरी लिही ना," असे त्यांनी सुचवून पाहिले. पण हा विषय मी हौसेने शोधून काढलेला नाही. तो आमच्या घरातच चालत आला. खरे सांगायचे तर चालता चालता उंबरठ्याशी अडला, म्हणून माझ्या लक्षात आला.

आमचे बिऱ्हाड डिचोलीला असले तरी मूळ घर पेडणे तालुक्यात आहे. आजी-आजोबा तिथेच राहतात. आजोबा तरुणपणी गावच्या दशावतारात मृदंग वाजवीत. त्यांचा हात असा की रात्रभर नाटक चालले तरी ठेका तसूभर ढळत नसे, असे गावात अजून सांगतात. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचा तोच उजवा हात बसल्या जागी कापू लागला. पुढे निदान झाले, पार्किन्सनचा आजार. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ मध्ये याचे वर्णन केले. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. या आजारात मेंदूतले डोपामीन नावाचे रसायन कमी पडते, आणि ज्यापासून ते तयार होते ते लेव्होडोपा औषध म्हणून देतात. गंमत म्हणजे हे लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही असते. (म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत. किती पोटात गेले याचा हिशेब लागत नाही, आणि या आजारात सगळा खेळ मात्रेचाच आहे.)

गोळ्यांनी हाताचा कंप पुष्कळ कमी झाला. पण गेल्या वर्षापासून एक नवेच संकट उभे राहिले. आजोबा ओसरीवरून नीट चालत येतात आणि माजघराच्या दारात आले की एकदम थांबतात. अंग पुढे झुकते, पाय मात्र हलत नाहीत. "पाय जमनीक चिकटले मरे," असे ते हसत म्हणतात. पण दोनदा असेच पुढे पडले, तेव्हा ते हसले नाहीत. आम्ही आधी तक्रार केली ती गोळ्यांची. तेव्हा डॉक्टर म्हणाले की डोपामीनची भरपाई केली तरी पाय अडकणे आणि तोल जाणे ही दुखणी पूर्णपणे जात नाहीत, कारण त्यांत दुसऱ्याही पेशींचा हात असतो. "खाली, मेंदूच्या देठात, ॲसिटिलकोलीनवाल्या पेशी आहेत. त्यांचे कोणाकोणाशी संबंध आहेत हे अजून शोधणे चालू आहे."

हे "अजून शोधणे चालू आहे" माझ्या डोक्यात राहिले. बेळगावला परत आल्यावर खोलीतल्या मैत्रिणीला विचारले. ती विज्ञान शाखेची, गदगकडची. माझी आई खानापूरची असल्यामुळे आमचे संभाषण निम्मे कानडीत आणि निम्मे मराठीत चालते, आणि त्यातून घोटाळे होतात. कानडीत मेंदूला 'मेदुळु' म्हणतात, तो शब्द चटकन ओळखीचा वाटला. पण चेतातंतूला 'नर' म्हणतात हे ठाऊक नसल्यामुळे ती "हा नर तिकडे जातो, तो नर इकडे येतो" असे सांगत होती तेव्हा मी बराच वेळ भलतेच काही समजत होते! असो. पुढे जे लिहिले आहे ते तिने समजावलेले, मी ग्रंथालयात बसून वाचलेले आणि जमाखर्चाच्या भाषेत माझ्यापुरते मांडलेले आहे.

मेंदू म्हणजे फ्लॉवरचा गड्डा समजा. गड्डा ज्यावर बसलेला असतो तो देठ म्हणजे मस्तिष्कस्तंभ. अंगठ्याएवढा जाड, लांबीला सात-आठ सेंटिमीटर, आणि खाली पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जोडलेला. श्वास, गिळणे, जाग, झोप, उभे राहणे, असली आपण कधी विचारपूर्वक करत नाही ती कामे इथून चालतात. या देठाच्या वरच्या भागात डावीकडे-उजवीकडे पेशींचे दोन दोन पुंजके आहेत, आणि त्यांतल्या काही पेशी ॲसिटिलकोलीन बनवतात. पुंजक्यांची नावे उच्चारताना माझी जीभ वळेना. एकाचे नाव पेडंक्युलोपाँटाइन केंद्रक आणि दुसऱ्याचे लॅटरोडॉर्सल टेगमेंटल केंद्रक. तेव्हा मैत्रीण म्हणाली, "पेड-पेड काय करतेस, पेडणेच म्हण." मग दुसऱ्याचे डिचोली झाले. दोन्ही तालुके उत्तर गोव्यातले शेजारी, आणि ही केंद्रेही शेजारी. प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी, पण या लेखात मी हीच नावे वापरणार आहे. शास्त्रज्ञांनी तरी वेगळे काय केले? १९८३ मध्ये मार्सेल मेसुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनवाल्या गटांना क्रमांक दिले, त्यात आपल्या पेडण्याला पाच आणि डिचोलीला सहा मिळाला.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपुढे या दोन केंद्रांतल्या ॲसिटिलकोलीनवाल्या पेशी म्हणजे काहीच नव्हे. त्यांची मोजणी हजारांतच करावी लागते. पण एकेका पेशीचा तंतू फुटत फुटत इतक्या लांब जातो की खाली देठाच्या तळापासून वर मेंदूच्या मध्यापर्यंत तिची पोच असते. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याचे जे झाले आहे तेच: तालुका एवढासा, आणि विमाने कुठल्या कुठे.

आता ॲसिटिलकोलीन म्हणजे काय ते सांगायला हवे. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीकडून निरोप दुसरीकडे जायचा तो बहुतेक वेळा रसायनाच्या रूपाने, त्या फटीतून. हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे दाखवले. प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला, अशी हकिकत आहे. पहिल्या रात्री उठून कागदावर खरडले ते सकाळी स्वतःलाच वाचता येईना; दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते वाट न पाहता उठून प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाला जाणारी चेतातार चेतवून त्यांनी हृदयाची गती मंद केली, आणि त्याभोवतीचे पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसरे हृदयही मंदावले. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरले होते. ते ॲसिटिलकोलीन होते. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले. आपला प्रत्येक स्नायू हलतो तोही याच रसायनाच्या निरोपाने, आणि शेतात फवारण्याची काही कीटकनाशके अंगात गेल्यावर माणूस दगावतो तेही हे रसायन वेळेवर मोडीत न निघता साचून राहते म्हणून.

लोवींना स्वप्नाने साथ दिली यात एक योगायोग आहे. पेडणे-डिचोलीतल्या पेशी आपण जागे असताना काम करतात, गाढ झोपेत मंदावतात, आणि स्वप्ने पडू लागली की पुन्हा जोराने कामाला लागतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपलेल्या उंदरांच्या नेमक्या याच पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर स्वप्नझोपेचे प्रसंग वाढले. हे वाचले आणि मला आमच्या आजीची एक जुनी तक्रार आठवली. हात कापू लागण्याच्या कितीतरी आधीपासून आजोबा झोपेत ओरडत, लाथा झाडीत. एकदा त्यांनी भिंतीवर अशी थाप मारली की बोटे सुजली. आजीने देवचाराला नारळ ठेवला होता. पुस्तकात असे आहे की स्वप्न पडत असताना हातपाय सैल राहावेत याची व्यवस्था देठाच्या याच परिसरात असते. ती बिघडली की माणूस स्वप्न अंगाने करू लागतो, आणि पार्किन्सनच्या पुष्कळ रुग्णांत हे लक्षण कंपाच्या वर्षानुवर्षे आधी दिसते. आम्हांला कोणालाच ते कळले नव्हते. कळले असते तरी आजार टळला नसता, पण देवचारावर आळ आला नसता.

१९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा 'पेडण्या'तल्या ॲसिटिलकोलीनवाल्या पेशी पुष्कळ घटलेल्या आढळल्या. मग २००५ पासून काही देशांत या केंद्रात बारीक विजेची तार बसवून रुग्णांना फायदा होतो का ते पाहणे सुरू झाले. काहींचे पडणे कमी झाले, काहींना काहीच उपयोग झाला नाही. कारण सरळ आहे. या पुंजक्यात तीन प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून राहतात. एक प्रकार ॲसिटिलकोलीनवाला, दुसरा पुढच्या पेशीला चेतवणारा, तिसरा दाबून धरणारा. वीज सोडली की तिन्ही हलतात. सगळ्या गावाला एकाच भोंग्याने उठवल्यासारखे ते आहे. कोणाला उठवायचे हे ठरवायचे तर आधी प्रत्येक प्रकारच्या पेशीचे नातेसंबंध ठाऊक हवेत. म्हणजे नकाशा हवा.

नकाशा काढणे का कठीण आहे? इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये पेशींना काळा रंग देण्याची युक्ती शोधली. तिने शंभरात एखाद-दुसरीच पेशी रंगते, पण रंगते ती सर्व फांद्यांसकट. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी त्या युक्तीने जन्मभर मेंदूची चित्रे काढली. दोघांना १९०६ चे नोबेल एकत्र मिळाले, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते! पण झाडाची फांदी दिसली म्हणून तिचे टोक कोणाच्या कुंपणात गेले ते दिसत नाही. एका पेशीवर हजारो तंतूंची टोके येऊन भिडतात. त्यांतला प्रत्येक तंतू कुठून निघाला ते उलटे शोधायचे आहे.

इथे मला हिशेबतपासणीचा तास आठवला. खतावणीत एक रक्कम दिसते. ती खरी का हे पाहायचे तर हिशेबतपासनीस काय करतो? खतावणीवरून रोजकीर्दीला जातो, रोजकीर्दीवरून पावतीला. पैसा ज्या दिशेने आला त्याच्या उलट दिशेने एकेक पायरी मागे चालतो, आणि प्रत्येक पायरीवर खूण करून ठेवतो. मेंदूतही असाच कोणी उलटा चालणारा तपासनीस हवा, जो निरोप घेणाऱ्या पेशीपासून निघून फट ओलांडेल आणि निरोप देणाऱ्या पेशीत जाईल, आजूबाजूच्या पेशींत न सांडता.

असा तपासनीस माणसाने बनवलेला नाही. तो निसर्गात आधीपासूनच होता, आणि त्याचे नाव रेबीजचा विषाणू.

हे नाव वाचून मी पुस्तक मिटले होते. आजोबांचा थोरला भाऊ पिसाळलेल्या कुत्र्याने गेला. पोर्तुगीज अमदानीतली गोष्ट, तो दहा-बारा वर्षांचा होता. शेताच्या बांधावर पोटरीला चावले, झाडपाल्याने बांधले, जखम भरली, सगळे विसरले. पावसाळा लागता लागता त्याला पाणी घोटवेना. तांब्या समोर आणला तरी गळा आवळून यायचा. आजोबा हे सांगतात तेव्हा पुढचे सांगत नाहीत.

रेबीज असे का करतो, हे आता ठाऊक झाले आहे. चावलेल्या जागी स्नायूत तो शिरतो, आणि स्नायू व चेतातंतू जिथे भेटतात तिथे, ॲसिटिलकोलीन ज्या कड्यांना धरते त्याच कड्यांना तोही धरू शकतो. तिथून तंतूत शिरून तो उलट्या दिशेने, पायाकडून मज्जारज्जूकडे, मज्जारज्जूकडून मेंदूकडे, एक पेशी ओलांडून दुसरीत असा चढत जातो. साधारणपणे काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून जखम भरते आणि घरचे विसरतात. शेवटी तो देठाला पोचतो, गिळणे आणि श्वास सांभाळणाऱ्या पेशी बिघडवतो, आणि पाण्याचा घोट घेताना घशाचे व छातीचे स्नायू आवळून येतात. लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण तो वाटेत असतानाच लस घेतली तर वाचतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये पहिल्यांदा हे माणसावर करून दाखवले. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतात ती बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लशीची. तो प्रकार आता बंद झाला आहे. मी नऊ वर्षांची असताना डिचोलीत शाळेच्या वाटेवर मला कुत्रा चावला, तेव्हा आईने आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि मग दंडावर इंजेक्शने झाली. मी इंजेक्शनांना रडले. आजोबा पेडण्याहून पहिल्या गाडीने आले, आणि शेवटचे इंजेक्शन होईपर्यंत घरी परत गेले नाहीत. त्याचे कारण मला फार उशिरा समजले.

ज्या वर्षी मला कुत्रा चावला त्याच सुमारास गोव्यात एक मोठे काम सुरू होत होते. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि गोवा सरकार यांनी मिळून गावोगावी कुत्र्यांना लस टोचायला घेतले. जाळी घेऊन पथके फिरत, टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करत, आणि कोणत्या वाडीत किती कुत्री झाली, किती राहिली, हे मोबाइलवरच्या नकाशात भरत. शाळांतही येऊन कुत्रा चावल्यावर काय करायचे ते सांगत. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस मिळू लागली. कुत्र्यांतल्या रेबीजचे महिन्याचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. जून २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला, असे जाहीर होणारे देशातले पहिले राज्य. तोवर तीन वर्षे रेबीजने एकही माणूस गेला नव्हता. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश भारतात, हा अंदाज पाहिला म्हणजे ही गोष्ट किती मोठी ते कळते. अर्थात पेडण्याला सावंतवाडी लागून आहे आणि डिचोलीला दोडामार्ग, आणि कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही. म्हणून टोचणे थांबवून चालत नाही.

तर असा हा विषाणू प्रयोगशाळेत तपासनीस म्हणून नेमायचा. पण मोकाट सोडला तर तो पेशीमागून पेशी ओलांडत सगळा मेंदूच रंगवील, आणि मग कोण जवळचा आणि कोण लांबचा ते कळणार नाही. त्याला बरोबर एकच पायरी चालायला लावायचे. ही युक्ती इयान विकरशॅम, एडवर्ड कॅलवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत साधली. ती मला इतकी आवडली की थोडी सविस्तर सांगते.

विषाणूला फट ओलांडायला त्याच्या अंगावरचे एक प्रथिन लागते. त्याला आपण परवाना म्हणू. शास्त्रज्ञांनी विषाणूच्या जनुकांतून परवाना बनवण्याची कृतीच काढून टाकली आणि त्या जागी पेशीला चमकवणाऱ्या रंगाची कृती घातली. आता हा विषाणू शिरलेल्या पेशीला रंगवील, पण पुढे जाऊ शकणार नाही. मग त्याला पक्ष्यांच्या एका विषाणूचा अंगरखा चढवला. तो अंगरखा म्हणजे किल्ली, आणि तिचे कुलूप पक्ष्यांच्या पेशींवर असते, उंदराच्या नाही. म्हणजे उंदराच्या मेंदूत तो कुठेच शिरू शकत नाही. शेवटी, ज्या पेशींची चौकशी करायची तेवढ्यांनाच दोन गोष्टी दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूकरवी द्यायच्या: एक ते कुलूप, आणि दुसरा तो परवाना. ॲसिटिलकोलीनवाल्या पेशींचीच चौकशी करायची असेल तर अशा उंदरांची जात वापरतात, ज्यांच्या फक्त त्याच पेशींत ही देणगी वाचता येते. आता काय होईल? रेबीज 'पेडण्या'तल्या ॲसिटिलकोलीनवाल्या पेशीतच शिरेल, कारण कुलूप तिथेच आहे. तिथे त्याला परवाना मिळेल. त्या परवान्यावर तो फट ओलांडून निरोप देणाऱ्या पेशीत जाईल आणि तिला रंगवील. पण त्या पेशीजवळ परवाना नाही. तिथेच तो अडकला! दोन सह्यांशिवाय वटत नाही असा चेक, आणि तोही एकदाच वटणारा.

आठवडाभर थांबून त्या उंदराच्या मेंदूचे कागदासारखे पातळ काप करतात आणि चमकणाऱ्या पेशी मोजतात. हे मोजण्याचे काम कंटाळवाणे असणार, पण आम्हा वाणिज्यवाल्यांना ते समजू शकते.

या मोजणीतून 'पेडण्या'ला आणि 'डिचोली'ला कोण निरोप पाठवतो ते दिसू लागले. मोठा हिस्सा जवळपासच्याच भागांचा, म्हणजे देठाचाच आणि मध्यमेंदूचा. नजर आणि मान वळवणारे वरचे टेकाड निरोप पाठवते. भूक, तहान, जाग पाहणारा हायपोथॅलॅमस पाठवतो. भीतीशी संबंध असलेल्या बदामी गाठीतूनही तंतू येतात. आणि आमच्या घरच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हालचालींना आवर घालणारी केंद्रे, जी पार्किन्सनमध्ये डोपामीन घटल्यामुळे बिघडतात, त्यांचे तंतू थेट इथे उतरतात. पुढच्या दिशेने पाहिले तर इथून तंतू थॅलॅमसला जातात, जो मेंदूच्या वरच्या मजल्याचा दरवान आहे, खाली चालणे आणि तोल सांभाळणाऱ्या भागांना जातात, आणि खुद्द डोपामीन बनवणाऱ्या पेशींनाही जातात. पेडण्याचा ओढा हालचालीशी संबंधित डोपामीनकडे जास्त, डिचोलीचा आवडीनिवडी आणि बक्षिसाशी संबंधित डोपामीनकडे जास्त. म्हणजे डोपामीन आणि ॲसिटिलकोलीन ही दोन वेगळी खाती नव्हेतच. एकाची नोंद दुसऱ्यात पडते. डॉक्टरांच्या त्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. एकाच खात्यात पैसे भरले म्हणून ताळेबंद जुळत नाही.

नकाशाची मर्यादाही सांगते, नाहीतर मैत्रीण रागवेल. रस्ता आहे एवढे कळते, त्यावरून किती रहदारी जाते हे कळत नाही. विषाणू सर्व तंतूंना सारखा पकडत नाही, आणि ज्या पेशींत तो शिरतो त्यांना कालांतराने इजा करतो. शिवाय हा सगळा नकाशा उंदराचा. माणसाच्या मेंदूत विषाणू सोडता येत नाही. तिथे मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूचे काप करून पेशी कुठे आहेत एवढेच बारकाईने पाहता येते. हे काम आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटीत चालते. तिथल्या केंद्राने गर्भावस्थेतल्या मेंदूंच्या ५,१३२ कापांचा 'धरणी' नावाचा संग्रह डिसेंबर २०२४ मध्ये जगाला खुला केला. नाव मला फार आवडले.

इतके सगळे वाचून दिवाळीच्या सुट्टीत मी पेडण्याला गेले आणि आजोबांना सांगायला बसले. रेबीजचे नाव आले तेव्हा ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे भावाक जो खाऊन गेलो, तोच आता माझ्या पायांचो हिशेब काढता?" मी म्हटले, उंदरांच्या पायांचा काढतो आजो, तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल. ते म्हणाले, "माझ्याकडे वेळ खंय आसा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र एक उपाय सांगितला होता, तो आम्ही त्याच सुट्टीत करून पाहिला. पाय आपोआप उचलण्याची वाट बंद पडली तरी समोर काही ओलांडायला असले किंवा कानावर ठेका पडला तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. म्हणून दाराच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर वीतभर अंतराने पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. पहिल्या दिवशी आजोबा रेघांपुढे थांबले. मी तोंडाने मृदंगाचे बोल म्हणू लागले, अर्थातच चुकीचे. त्यांनी वैतागून मला दुरुस्त केले, आणि दुरुस्त करता करता चार रेघा ओलांडून माजघरात आले.

आजीला त्या पट्ट्या पसंत नाहीत. चवथीला पाहुणे येणार, दारात असले ठिगळ बरे दिसत नाही, तिथे रांगोळी हवी, असे तिचे म्हणणे. मी सांगितले, रांगोळीच आडव्या रेघांची काढू. आजोबा रांगोळीवर पाय देणार नाहीत, ओलांडूनच जातील.